24 फुटी बोटीला पुढचं शीड केवढं: 150, 135 की 110 टक्के? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पवनीकाठ:
बोट 24 फुटी, ट्रेलरवर नेता येणारी. बहुतेक वेळ गोसीखुर्दच्या पाण्यात आणि हिवाळ्यात एखादी फेरी कोकण किनाऱ्यावर. फर्लर, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायची यंत्रणा, बसवलेला आहे, शीड एकच घ्यायचं आहे. आय, म्हणजे डेकपासून फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या) वरच्या जोडापर्यंतची उंची, 8.5 मीटर. जे, म्हणजे फोरस्टेच्या बुडापासून डोलकाठीपर्यंतचं अंतर, 2.7 मीटर. फोरस्टे डोलकाठीच्या टोकाला जातो, म्हणून या बोटीची ताकद पुढच्याच शिडात आहे.

माझं मत: 150 टक्के जेनोआ (डोलकाठीच्या मागं जाणारं मोठं पुढचं शीड) घ्या. हिवाळ्यात सकाळी जलाशयावर 4-5 नॉट (वाऱ्याचा नि बोटीचा वेग मोजायचं माप) वारा मिळाला तरी पुष्कळ. लफ, म्हणजे शिडाची पुढची कड, 8.3 मीटर धरला तर 150 मध्ये 16.8 चौरस मीटर कापड मिळते, 110 मध्ये फक्त 12.3. एवढ्या हलक्या वाऱ्यात हे साडेचार चौरस मीटर नसले तर बोट जागची हलत नाही. वारा वाढला तर गुंडाळा, फर्लर त्याच्यासाठीच आहे.

डोलकाठी:
गुंडाळा म्हणणं सोपं आहे जी, पण गुंडाळल्यावर शिडाचा आकार काय होते ते पाहा. टक्केवारी मोजतात ती एलपीची: क्लूपासून, म्हणजे शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून, लफवर टाकलेला लंब भागिले जे. 150 चा एलपी 4.05 मीटर. 18 नॉटमध्ये या बोटीला 90 च्या आसपासचंच शीड पेलते, म्हणजे एलपी 2.43 वर आणायचा. 40 टक्के माप गुंडाळीत गेलं. शिडाला पोट असते मधल्या उंचीवर, वर आणि खाली ते चपटं असते. गुंडाळताना मधलं जादा कापड फर्लरच्या नळीवर बसत नाही, सैल राहून मागं सरकते. मग ते शीड बोटीला पुढं ओढायचं सोडून कलवत राहते, आणि बोट वाऱ्याच्या तोंडाकडं वळू पाहते. सुकाणूवर हात दुखतो तो त्याच्यामुळं.

लफमध्ये फोमची पट्टी शिवून घेतली तर 30 टक्क्यांपर्यंत निभते. त्याच्यापुढं नाही. आणि फोमही काही हंगामांत दबून जातो.

दुसरी गोष्ट कापडाची. 5 नॉटला भरायला हलकं कापड लागते, 18 नॉटला न ताणलं जाणारं जड. एका शिडात दोन्ही कसं होईल? म्हणून 110 जिब (लहान पुढचं शीड) जड डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर कापडाची, घ्या, आणि हलक्या वाऱ्यासाठी पातळ नायलॉनचा वेगळा जेनेकर.

पवनीकाठ:
40 टक्क्यांचा मुद्दा मान्य. जेनेकरचा नाही. तो आडव्या आणि मागच्या वाऱ्याचं शीड आहे, वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. जलाशयात जाताना मागून वारा असला तर येताना तोंडावरच येणार ना? सकाळी 5 नॉट वाऱ्यात 110 वर चढत परत येणं म्हणजे अर्धा दिवस. आणि बोटीवर माणसं दोनच, जेनेकरवर ओढायची ती लांब कापडी पिशवी, म्हणजे मोजा, कोण चढवते नि उतरवते?

वायव्य वारा:
कोकणाचा हिशेब वेगळा मांडा. फेब्रुवारीपासून दुपारी वायव्येचा वारा लागतो, सकाळी जमिनीवरून हलका पूर्वेचा. मांडव्याहून मालवणला जाताना दुपारचा वारा पाठीकडून, तिथं 150 गोडच लागेल. परतीला मात्र तोच वारा तोंडावर. 12 नॉट खरा वारा आणि बोट 5 नॉटनी चढत असली तर अंगावर 16 च्या जवळपास येतो. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे 10 चे 14 नॉट झाले की जोर जवळपास दुप्पट. परतीच्या प्रत्येक दुपारी 150 गुंडाळून चालवायचं असेल तर ते शीड घेतलंच कशाला?

माझं मत 135. एलपी 3.65, कापड 15.1 चौरस मीटर. 150 पेक्षा पावणेदोन चौरस मीटरच कमी. 30 टक्के गुंडाळलं की 95 वर येते. हलक्या आणि मध्यम वाऱ्याचा बहुतेक पट्टा एका शिडात बसला.

डोंगा:
एक गोष्ट कोणीच बोलत नाही. खालची कड डेकला घासत जाणारा जेनोआ वाऱ्याखालची सगळी बाजू झाकून टाकते. आपल्या जलाशयात त्याच बाजूला ढिवर भावांची जाळी असतात, थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या बांधून सोडलेली. जाळं किलात (बोटीच्या तळाच्या पात्यात) अडकलं तर त्यांचं नुकसान, आणि सुकाणूत गेलं तर तुमची बोटही अडकली. 135 घ्या, पण क्लू उंच कापून, म्हणजे खालची कड रेलिंगच्या वर राहते. थोडं कापड जाईल, जाऊ द्या.

आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग दाटले तर आकार कितीचा हा प्रश्नच राहत नाही. वादळाचा पहिला झोत यायच्या आधी पूर्ण गुंडाळा, मेन (डोलकाठीमागचं मुख्य शीड) उतरवा, नांगर टाका.

नवेगावकर:
जुना 150 स्वस्तात मिळून राहिला, तो चालेल का?

डोलकाठी:
टक्केवारी विचारू नका, एलपी स्वतः टेपनं मोजा. 3.2 जे असलेल्या बोटीचा 150 म्हणजे एलपी 4.8. 2.7 जे असलेल्या बोटीला तो 178 टक्के होते, शीटच्या (क्लू ओढून धरणाऱ्या दोराच्या) कारला, म्हणजे ट्रॅकवर सरकणाऱ्या कप्पीला, ट्रॅकच पुरणार नाही. लफही मोजा. लफ आखूड असला तर फर्लरचं वरचं स्विव्हल (फिरता जोड) खाली राहते, हॅलयार्ड (शीड वर ओढायचा दोर) फोरस्टेला समांतर होऊन त्याच्याभोवती गुंडाळते आणि ऐन वाऱ्यात फर्लर जाम. शिडाच्या डोक्याला तेवढ्या लांबीचा दोर जोडून स्विव्हल वर न्या. हॅलयार्ड फोरस्टेपासून 10 अंशांच्या आसपास फटकून राहिला पाहिजे.

शिवण नखानं ओरबाडून पाहा. आपल्या उन्हात कापडाच्या आधी धागा मरते. नख लावताच टाके तुटले तर पूर्ण शीड पुन्हा शिवायचा खर्च धरा. ऊनपट्टी (गुंडाळलेल्या शिडाला उन्हापासून झाकणारी पट्टी) फर्लर ज्या बाजूनं गुंडाळतो त्याच बाजूला हवी, नाही तर ती आत जाते आणि पांढरं कापड उन्हात.

पवनीकाठ:
135 वर येतो, उंच क्लूसकट. फोम घालूनच सांगीन. अर्धं गुंडाळल्यावर शीटची कार कुठं न्यायची?

वायव्य वारा:
पुढं. गुंडाळल्यावर क्लू पुढं सरकते. कार मागंच राहिली तर वरची कड ढिली पडून फडफडते. लफवरचे टेलटेल (वारा कसा वाहतो ते दाखवणारे धागे) पाहा: वरचा आधी फडफडला तर कार पुढं, खालचा आधी फडफडला तर मागं. एकदा जागा सापडली की ट्रॅकवर रंगाची खूण करा, आणि शिडाच्या खालच्या कडेवरही 30 टक्क्यांची एक खूण शिवून घ्या. त्या खुणेच्या पुढं गुंडाळावं लागलं तर आधी मेनला रीफ घातलं (म्हणजे ते आवळून लहान केलं) की नाही ते पाहा.