प्रतिकार नाही म्हणजे संमती नव्हे
"तिने आरडाओरडा केला नाही, मग बलात्काराची केस टिकतेच कशी?" असं एकाने विचारलंय. मी कॅलिफोर्नियापुरतं सांगतो. तिथे प्रतिकाराची अट १९८० च्या दुरुस्तीतच गेली.

बचाव उभा राहतो तो संमतीवर. १९७५ च्या 'पीपल विरुद्ध मेबेरी' निकालापासून, संमती आहे असा आरोपीचा प्रामाणिक आणि वाजवी समज होता का, हे ज्युरी बघते. सगळी मेख 'वाजवी'त आहे. नुसतं "मला वाटलं" चालत नाही. तिच्या वागण्यातून तसं वाटण्याजोगं काही होतं, हे पुराव्यात दिसावं लागतं. तिचे इतरांशी असलेले संबंध काढून संमती दाखवू म्हणाल, तर पुरावा कायद्याचं कलम ११०३ आडवं येतं.

आणि पोलीस तिला आरोपीला करायला लावतात तो फोन! "त्या रात्री असं का वागलास?" असं ती विचारते, शेजारी डिटेक्टिव्ह रेकॉर्डिंग करत बसलेला. भिडेखातर म्हटलेलं "सॉरी, चुकलंच माझं" पुढे ज्युरीला ऐकवतात. मराठीत बोललात तर भाषांतरासकट.

आरोप तुमच्यावर असेल आणि अमेरिकेत व्हिसावर असाल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेतली, तरी हद्दपारी टळेलच असं नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या 'पडिया विरुद्ध केंटकी' निकालानुसार हा धोका आधी समजावणं वकिलावर बंधनकारक आहे.