अन्नाचा मनोरा टाकणाऱ्यांना एक प्रश्न

शहापूरकर: काल आपल्या बेळगावकडच्या या गटावर एकानं अन्नाचा मनोरा टाकला, म्हणजे काय जास्त नि काय कमी खायचं त्याचं चित्र. तळाला ब्रेड, भात, पास्ता, वर भाज्या-फळं, त्यावर दूध, डाळी, मांस, टोकाला तेल-साखर. खाली मजकूर, 'एवढं पाळा, शुगर जवळ फिरकणार नाही.' अहो, हे अमेरिकेच्या शेती खात्याचं १९९२ सालचं चित्र! तळच्या खान्यातलं दिवसाला ६ ते ११ वेळा वाढून घ्या म्हणे. मैदा आणि कोंड्यासकटचं धान्य एकाच खान्यात, डालडा आणि शेंगतेल दोन्ही टोकाला. त्यांनीच २०११ मध्ये मनोरा बाजूला सारून ताटाचं चित्र आणलं. आपण अजून तेच फॉरवर्ड करालोय.

टिळकवाडीची ताई: मीच टाकलं होतं, 'एकानं' नव्हे. दवाखान्यात येणाऱ्या बाईला खाली जास्त, वर कमी हे एका नजरेत कळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०११ मध्ये मनोराच छापला होता. तोही अमेरिकेचा काय?

शहापूरकर: आणि त्याच संस्थेनं २०२४ मध्ये ताट दिलं, ते का नाही टाकलं? २००० कॅलरीच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम. धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको. म्हणजे धान्यापेक्षा भाजीचं वजन जास्त. तुमच्या तळाचं काय झालं मग?

अथणीचा जोंधळा: सगळं भातानं बिघडवलंय बघा. आमच्या काळ्या रानात जोंधळा यायचा. पाण्याची सोय झाली तिथं ऊस घुसला, आणि २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा रेशनचा तांदूळ घरात. आता सुना म्हणतात, भाकरी कोण बडवत बसणार?

खानापूरकर: झालं सुरू! आमच्याकडं एक पावसाळा काढून दाखवा, मग जोंधळ्याचं बोला. कणसं कुजून जातील. आमचा आजा तीन वेळ भात खाऊन नांगर धरायचा.

अथणीचा जोंधळा: आजा नांगर धरायचा. तुम्ही दूध आणायला पण स्कूटी काढता.

खानापूरकर: वय ६२, शुगर नाही. आमचे अथणीचे व्याही दोन वेळ भाकरी खाऊन इन्सुलिन टोचून घेतात. द्या उत्तर.

अथणीचा जोंधळा: भाकरी खातात, आणि वर लग्नाकार्यात पावशेर गोड कुंदा कोण खातंय ते पण सांगा की.

सीमावासी: आमच्या अंगणवाडीत आहाराचा तक्ता आहे, पण नुसता कन्नडमध्ये. पोरांच्या आयांनी काय वाचायचं? इथं मनोरा की ताट, भांडत बसलाय.

टिळकवाडीची ताई: मुद्दा खरा आहे, पण कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा.

निपाणीची सूनबाई: भाऊजी लोकांनो, माणशी ४०० ग्रॅम म्हणजे आमच्या पाच जणांना रोज दोन किलो भाजी. आणायची कुणी, निवडायची कुणी? विडीच्या कामावरनं आलेली बाई भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा वाढते. मनोऱ्यात ते नाही, ताटात असलं तर सांगा.

शहापूरकर: आहे की. शेंगदाणे, सुकामेवा, तेलबिया मिळून ३५ ग्रॅम. चटणी चालते, फक्त मीठ जपून. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम, लोणचं-पापड धरून.

निपाणीची सूनबाई: आणि दोन किलो भाजी?

शहापूरकर: मेथी, तांदळी, शेवग्याचा पाला... परसात लावलं तर...

निपाणीची सूनबाई: परस! भाड्याच्या दोन खोल्यांना?

खानापूरकर: वहिनी बरोबर बोलालीत. पैला नंबर.

टिळकवाडीची ताई: बरं बाबा, मैदा नि कोंड्यासकटचा गहू एका खान्यात, हे मला पण पटत नव्हतंच. चित्र काढून टाकते. शहापूरकर, तुम्ही ताट काढून द्या. मराठीत, भाकरी-भात दोन्ही घालून, दवाखान्याच्या भिंतीवर लावेन.

शहापूरकर: मला चित्रकला येत नाही.

अथणीचा जोंधळा: मग एवढं बोललात कशाला? द्या इकडं, आमची पोरगी काढंल. पण भाकरी मोठी काढणार, सांगून ठेवतो.