मदत हवी आहे: सकोटॅशमधले लायमा बीन्स फुटतात

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत ऱ्होड आयलंडला राहतो. मक्याचे दाणे आणि लायमा बीन्स (पावट्यासारखे चपटे, मोठे दाणे) घालून करतात ते सकोटॅश इथलं अगदी जुनं. नावसुद्धा इथल्याच नॅरागॅन्सेट या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेतून आलेलं. थँक्सगिव्हिंगला शेजारच्या आजी जेवायला येणार आहेत. त्या लहानपणापासून हे खात आल्यात, म्हणून नीटच जमायला हवं.

रविवारी करून पाहिलं. वाळलेले लायमा बीन्स रात्रभर भिजवले, ते पाणी टाकून कुकरला ३ शिट्ट्या केल्या. सालं सुटली, निम्मे दाणे फुटून पीठ झाले, आणि काही मात्र मध्ये कच्चेच. कच्चट ठेवायची मला भीती वाटते, कारण कच्च्या लायमा बीन्समध्ये सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ते नीट उकळावेच लागतात. मग कुकर सोडून पातेल्यात मंद आचेवर शिजवू का? किती वेळ? मीठ आधी घालायचं की नंतर?

मक्याचे दाणे बटरवर परतले तेही चिवट झाले. बहुतेक जास्त वेळ ठेवले गेले.

इथे यात खारवलेलं डुकराचं मांस घालतात. आम्ही शाकाहारी. दाणे काढलेली कणसं उकळून ते पाणी घातलं, तर गोडवा छान उतरला, पण खमंगपणा कशाने आणायचा? मोहरी-हिंगाची फोडणी कृपया सुचवू नका, त्याची उसळ होईल आणि आजींना त्यांची चव मिळणार नाही.

कुणी केलं असेल तर प्रमाणासकट सांगा.