वोटर कार्ड आहे पण यादीत नाव नाही, अक्कांचं काय करायचं? (सोलापूर)

रायनगरची सून
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो, वय ६३, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. आधी सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याची खोली होती, २०२४ ला कुंभारीला रायनगरमध्ये, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत, घर मिळालं म्हणून इकडं आलो. विधानसभेला अक्का जुन्या बूथवर दोन तास लाईनीत थांबल्या, हातात वोटर कार्ड, आणि आत गेल्यावर म्हणतात यादीत नाव नाही. कार्ड दाखवलं तरी परत पाठवलं. त्या दिवशी घरी आल्या त्या थेट सूप घेऊन विड्या वळायला बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत.
आता नवीन पत्त्यावर नाव घालायचं तर आधारवर पत्ता जुना. आधार सेंटरला नेलं तर बोटं उठत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसून पाच-सहा वेळा ठेवली, मशीन काय घेईना. त्यात वोटर कार्डावर पद्माबाई, आधारवर पद्मावती, पासबुकात तिसरंच. एक दिवस गेला की हजार विड्यांची मजुरी गेली, मग परत चला म्हटलं की नकोच म्हणतात. कुठनं सुरुवात करू?

कन्ना चौक
वोटर कार्ड नसलं तरी आधार, पॅन, लायसन, फोटो असलेलं पासबुक, पेन्शनचा कागद असं काहीतरी चालतंय की. टेन्शन घेऊ नका. आमच्या आईचं विडी कार्ड (विडी कामगाराचं ओळखपत्र) आहे, तेच दाखवायचं.

गुरुजी निवृत्त
कन्ना चौक, अर्धं बरोबर, अर्धं चूक. पर्यायी ओळखपत्रांची यादी ठरलेली आहे, रोजगार हमीचं जॉब कार्ड आहे त्यात, पण विडी कार्ड नाही आणि रेशन कार्डसुद्धा नाही. लोक रेशन कार्ड घेऊन येतात आणि बूथवर भांडतात, मी बीएलओचं (बूथच्या मतदार यादीच्या अधिकाऱ्याचं) काम बरीच वर्षं केलंय, लई बघितलंय. नुसती वोटर स्लिपही २०१९ पासून ओळख म्हणून चालत नाही.
पण ताई, तुमच्या अक्कांचा प्रश्न कार्डाचा नाहीच. कार्ड म्हणजे फक्त ओळख, मत देता येतं ते यादीत नाव असलं तर. जुनी खोली सोडली, कुणीतरी चौकशीला गेलं, शेजाऱ्यांनी "गेले ते" सांगितलं, झालं, स्थलांतरित. नाव काढायच्या आधी नोटीस द्यावी लागते, पण ती जाणार जुन्याच पत्त्यावर, तिथं वाचायला कोण आहे?
आधी १९५० ला फोन करा नाहीतर निवडणूक आयोगाच्या ॲपवर कार्डाचा नंबर टाकून बघा. नाव कुठल्यातरी यादीत सापडलं तर फॉर्म ८, त्यातच पत्ता बदलणं, नावाची दुरुस्ती, नवीन कार्ड सगळं होतं. कुठंच नाही निघालं तर फॉर्म ६ भरायचा.

रायनगरची सून
बघितलं गुरुजी, कुठंच नाही. म्हणजे ६. पण पत्त्याचा पुरावा काय देऊ, लाईट बिल ह्यांच्या नावावर आहे.

गुरुजी निवृत्त
मुलाचं नाव त्याच पत्त्यावर यादीत आहे ना? मग आईसाठी मुलाचं बिल चालतं, फक्त निदान वर्षाचं पाहिजे. तसलं काहीच नसलं तर बीएलओनं घरी येऊन खात्री करायची असते. वयासाठी आधार चालतो, त्यामुळं आधारचा पत्ता बदलेपर्यंत थांबत बसू नका.

विणकराचा पोरगा
बोटांचं आमच्या घरी पण तेच, आजीची बोटं पानं कापून कापून अशी गुळगुळीत झालीत की रेशनला पण अंगठा लागत नव्हता. सेंटरवाल्याला सांगा डोळ्यांचं स्कॅन घे म्हणून, ते चालतं, पण आपण होऊन म्हणत नाहीत, "उद्या या" म्हणतात. आणि अक्कांच्या आधारला मोबाईल जोडलेला असेल तर पत्ता घरबसल्या ऑनलाईन बदलतो, कुटुंबप्रमुख म्हणून मुलानं मोबाईलवर मंजुरी दिली की झालं, बोटं लागतच नाहीत.
अजून एक, कुंभारी ग्रामपंचायतीत येतं, आता तुम्हाला महापालिकेचं मत नाही, झेडपीचं. आमच्या गल्लीतले अजून नगरसेवकाकडंच जातायत 😀

कन्ना चौक
पद्माबाई-पद्मावतीचं काय मग? तिथं अडवतील की.

गुरुजी निवृत्त
बूथवर स्पेलिंगच्या किरकोळ चुकीवरनं अडवायचं नसतं, माणूस तोच आहे एवढं पटलं पाहिजे. पण फॉर्म भरताना आधारवरचंच नाव घाला, परत घोळ नको. आणि पोच नंबर लिहून ठेवा, कागदावर, मोबाईलमध्ये नको.

रायनगरची सून
धन्यवाद सगळ्यांना. ह्यांना रविवारी सुट्टी आहे, तेव्हा घरीच बसून भरतो, अक्कांची मजुरी बुडायला नको. फोटो काढायचाय म्हटलं तर आत्ताच इरकल काढून उन्हात घातलीय, आणि विचारतायत, "आता तरी आत सोडतील का गं?"