‘तडीपार’: गाणी आहेत, पण अल्बम आहे का?

बर्डीवाला

रविवारी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर माझं आणि भाच्याचं जुंपलं. कारण एमसी स्टॅन. भाचा म्हणे, ‘तडीपार’सारखा पहिला अल्बम महाराष्ट्रातल्या कोणत्याच रॅपरने काढला नाही. मी म्हटलं, गाणी आहेत, अल्बम नाही. प्लेट संपली, वाद संपला नाही, म्हणून इथे आणतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टॅन पुण्याचा, खरं नाव अल्ताफ शेख. ‘तडीपार’ २०२० चा. २०२२ मध्ये ‘इन्सान’ आला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन जिंकला तेव्हा कुठे आमच्या फ्लॅट स्कीममधल्या काकूंना त्याचं नाव कळलं. म्हणजे बऱ्याच जणांनी हा माणूस आधी टीव्हीवर पाहिला आणि पहिला अल्बम सगळ्यात शेवटी ऐकला. मी तेव्हाच ऐकला होता. या आठवड्यात पुन्हा दोनदा ऐकला, एकही गाणं न टाळता.

माझी तक्रार नावापासून सुरू होते. तडीपार! आपल्या पेपरांत हा शब्द दर आठवड्याला असतो. आपलंच गाव आपल्याला बंद. एवढं वजनदार नाव वाचून मला वाटलं, गाव सुटल्याची काही गोष्ट असेल. निघाली काय तर दुश्मनांची यादी. जळणारे, पाठीमागे बोलणारे, पलटी मारणारे दोस्त. एकदोन गाण्यांत मजा येते. सलग ऐकताना लग्नातल्या त्या रुसलेल्या मावसभावाची आठवण झाली, जो पंगतीत प्रत्येकाजवळ जाऊन तेच गाऱ्हाणं सांगत असतो. अपवाद ‘एक दिन प्यार’चा. तिथे छाती फुगवणं थांबतं आणि पोरगा दिसतो.

आणि हे फक्त स्टॅनचं नाही. मुंबईचा रॅपर डिव्हाइन, त्याचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ २०१९ मध्ये आला, आठ गाण्यांचा. तेव्हा आमच्याच ग्रुपमध्ये उलटी ओरड होती: फार गुळगुळीत झालाय, गल्ली कुठे गेली? माझ्या मते तो अल्बम म्हणून जास्त बांधीव आहे. आता मारा दगड.

फक्त ‘शिव्या आहेत म्हणून वाईट’ आणि ‘वस्तीतला पोट्टा वर आला म्हणून चांगला’ ही दोन उत्तरं सोडून बोला.

इंदोऱ्याचा पोट्टा

भाऊ, आधी हे सांगा, तुम्ही ऐकला कायवर? फोनवर ना? मग झालं!

माझ्या बाबांचा ऑटो आहे. मागच्या सीटखाली आठ इंची बुफर बसवला आहे. रात्री कडबी चौकातून इंदोऱ्याकडे येताना ‘तडीपार’ लावतो तेव्हा आरसा असा थरथरते की मागचा एक ट्रक दोन दिसते. हे गाणे त्याच्यासाठीच बनले आहेत. ट्रॅपमधला, म्हणजे स्टॅन करते त्या तऱ्हेच्या रॅपमधला, तो जो जाड बास असते ना, त्याले ८०८ म्हणतात. रोलँड कंपनीनं १९८० साली एक ड्रम मशीन काढलं होतं, त्याचं नाव. मशीन तेव्हा चाललं नाही, दोनतीन वर्षांतच बंद केलं, अन् सेकंडहँड स्वस्तात मिळे म्हणून रॅपवाल्यांनी उचललं. तो बास पन्नास हर्ट्झच्या आसपास वाजते. फोनच्या स्पीकरले तेवढं खाली जाताच येत नाही. म्हणजे तुम्ही भाजी खाल्ली, पण रस्सा वाटीतच राहिला. सावजीत जाऊन असं करता का?

अन् ‘कोहिनूर’ बांधीव आहे तं असू द्या. फ्लॅट स्कीमही बांधीव असते.

बर्डीवाला

हेडफोनवर ऐकलाय रे बाबा, चांगल्या. बासबद्दल तक्रार नाहीच. फ्लॅट स्कीमचं मनाला लागलं.

काफियावाला

मुशायरे ऐकत मोठा झालेला माणूस आहे, तेव्हा थोडं सहन करा.

गझलेत रदीफ म्हणजे शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द, आणि काफिया म्हणजे त्याच्या आधीचं यमक. रदीफ कोणीही लावतो. कस लागतो तो काफियात. ‘तडीपार’मध्ये मला ओळीमागून ओळ रदीफच ऐकू येतो. एकच शब्द चारचारदा आपटायचा आणि मधली जागा ‘हां’, ‘ए’, ‘ब्रो’ने भरायची. यमक जुळवायचे कष्टच नाहीत. त्यावर ऑटोट्यूनचा मुलामा. सूर लागत नाही तर गाऊ नये, बोलावं. रॅप म्हणजे बोलणंच ना?

नावाचं म्हणाल तर ‘तड’ म्हणजे काठ. काम तडीस नेणे यातली तीच तड. शब्द निवडायला कान लागतो, तो पोराकडे आहे हे मान्य. त्या कानाने ओळीही तपासायच्या होत्या.

इंदोऱ्याचा पोट्टा

सर, ऑटोट्यूनवर एवढा राग कायले? १९९७ चं सॉफ्टवेअर आहे. बनवणारा माणूस आधी जमिनीखालचं तेल शोधायच्या कामात होता, धक्क्यांच्या लहरी मोजायचं गणित त्यानं आवाजाले लावलं. बेसूर लपवायसाठी निघालं, पण बटण पूर्ण फिरवलं तं आवाज लोखंडाचा होते, अन् लोकायले तोच आवडला. स्टॅन लपवत नाही ना काही, उघड वापरते.

हार्मोनियम दुरुस्ती

काफियावाले सर, आमच्या पेटीलासुद्धा आकाशवाणीने १९४० ते १९७१ दाराबाहेर ठेवलं होतं. कारण काय, तर मशीनचे ठरलेले सूर, मींड म्हणजे सुरावरून सुरावर सरकणं नाही, श्रुती म्हणजे मधले बारीक सूर नाहीत, वाद्य परदेशी. एकतीस वर्षं तडीपार! आज पेटीशिवाय तुमचा मुशायरा तरी रंगतो का, म्हणजे गायलेल्या गझलेचा? यंत्र आलं की गाणं मेलं, हे प्रत्येक पिढी एकदा तरी म्हणतेच. मला स्वतःला हा अल्बम दहा मिनिटांच्या वर झेपला नाही, ती गोष्ट वेगळी.

कोर्टाची पायरी

मी वकिली करते, आणि तडीपारीच्या फायली रोज पाहते. धागा लिहिणाऱ्या दादांच्या मूळ मुद्द्याबद्दल बोलायचं आहे, कारण मला वाटतं तो तिथेच चुकलाय.

तडीपारी ही शिक्षा नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलमं ५५, ५६, ५७. शहरात पोलीस उपायुक्त हुकूम काढतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आधी नोटीस येते, म्हणणं मांडता येतं, हुकूम निघाल्यावर तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. पण खरी मेख ५६ मध्ये आहे. या माणसाच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं पोलिसांचं समाधान झालं की पुरतं. मग गुप्त जबाब घेतले जातात. नाव नाही, पत्ता नाही, फक्त ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’.

आता विचार करा. समोर बसलेला पक्षकार मला पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘किती दिवस?’ हा नाही. ‘मॅडम, बोललं कोण?’ हा. शेजारचा? किराणावाला? सोबत खर्रा खाणारा दोस्त? दोन वर्षं तो हेच चघळत असतो. त्यामुळे दादांना जी दुश्मनांची कंटाळवाणी यादी वाटली, पाठीमागे कोण बोललं, कोण फिरलं, ती मला तडीपार माणसाची सगळ्यात खरी नक्कल वाटली. तो गाव आठवून रडत नाही. तो नावं मोजतो.

बर्डीवाला

ताई, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. पण एक सांगू? हे तुम्ही सांगितलंत, अल्बमने नाही. अल्बममध्ये ती नोटीस, तो ‘साक्षीदार अ’, एवढं एक चित्र जरी असतं तर मी भाच्याला त्याच ठेल्यावर दंडवत घातला असता. फायलीतलं सगळं तुम्ही पाहिलंय, म्हणून रिकाम्या जागा तुमच्या तुम्हीच भरताय.

कोर्टाची पायरी

शक्य आहे. पण वस्तीतल्या ऐकणाऱ्यालाही त्या जागा भरता येतात. तो अल्बम माझ्या-तुमच्यासाठी समजावून सांगायला बसलेला नाही.

मस्कासाथ

आमच्या गल्लीतला एक पोट्टा खरंच तडीपार होता, म्हून लिहून राहिलो. नाव नाही सांगत. जिल्ह्याबाहेर जा म्हणाले तं तो पांढुर्ण्याले मामाकडे जाऊन राहिला. गाडीनं दोनअडीच तासांचा रस्ता, पण दोन वर्षं.

२०२२ चा पोळा. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घालवायले काढते ती पुतळ्यांची मिरवणूक, अन् तिकडे त्याच दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन्ही काठचे लोक एकमेकायले गोटे मारतात ते. आम्ही नेहरू पुतळ्यापाशी उभे, काळी अन् पिवळी समोरासमोर आल्या, सगळे ओरडून राहिले ‘घेऊन जा गे मारबत’, अन् त्याचा व्हिडिओ कॉल. ‘फोन वर धर, वर धर, मले पिवळी दिसून नाही राहिली.’ त्याच्या मागं नदीवर गोटे पडायचा आवाज येऊन राहिला होता. त्याची माय बाजूले होती, तिच्या हाती फोन दिला तं ती काही बोललीच नाही, नुसता मिरवणुकीकडे फिरवून धरला.

अल्बम त्यानंच मले ऐकवला होता. पण खरं सांगू का? ‘तडीपार’ नावाचं गाणं त्यानं कधी लावलं नाही माझ्यासमोर. ‘एक दिन प्यार’ लावे, तेच ते, परत परत. मी एकदा इचारलं तं म्हणे, ‘ते दुसरं तुमच्यासाठी आहे बे, जे तडीपार नाहीत त्यायच्यासाठी.’

आता याच्यातून वकील मॅडम बरोबर निघतात का बर्डीवाले भाऊ, तुम्हीच पाहा. मले नाही समजलं.

इंदोऱ्याचा पोट्टा

😶

आठवी ब

शाळेत शिकवते. वर्ग कोणता ते नावात आहेच.

बुफर, काफिया, कलम ५६, सगळं वाचलं. पण एवढ्या चर्चेत या गाण्यांतल्या पोरींबद्दल एकानेही अक्षर काढलं नाही. ‘शिव्या सोडून बोला’ असं धागा काढतानाच सांगून टाकलं, म्हणजे आमचं तोंड आधीच बंद. माझा आक्षेप शिवीला नाही. नागपुरात राहून शिवीचा आक्षेप घेतला तर ऑटोतही बसता येणार नाही. आक्षेप हा आहे की या अल्बमात मुलगी एकतर धोका देणारी किंवा मिळवायची वस्तू. तिला स्वतःचं तोंड नाही. ‘बिग बॉस’ नंतर आमच्या वर्गात मुलं मुलींना स्टॅनसारखं सर्रास ‘शेमडी’ म्हणायला लागली. विचारलं तर म्हणे, ‘मॅडम, ते प्रेमानं आहे.’ ज्या मुलीला म्हटलं तिने दोन दिवस वेणीला रिबीन लावली नाही, कारण रिबिनीवरूनच सुरू झालं होतं. अल्बमची बांधणी तुम्ही बघा, मला ती रिबीन दिसते.

भंडाऱ्याचा शाहीर

ताई, तुमचं दुःख समजते. पण आमच्या खडी गंमतीत, म्हणजे इकडच्या तमाशात, याच्यापेक्षा झोंबरं चालत होतं. कलगीवाले अन् तुरेवाले, दोन्ही पार्ट्या सवाल-जवाबात रात्रभर एकमेकांची लाज काढत, बायामाणसं लुगड्याचा पदर तोंडाले लावून हसत. मारबतीच्या बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवर, काय काय लिहिलेलं असते ते तुम्ही पाहिलंच असन. हे लोकांचं गाणं आहे, देवघरातलं नाही. माझे वडील डफ वाजवत. त्यायले हा पोरगा आवडला असता. तोंडात सुपारी ठेवून बोलल्यासारखा काहून बोलते, एवढं मात्र इचारलं असतं त्यायनं.

आठवी ब

काका, खडी गंमतीत नाच्या असायचा ना? लुगडं नेसलेला पुरुषच, पण बाईच्या बाजूने उलट उत्तर द्यायचा. सवालाला जवाब होता. समोरची पार्टी त्याच रात्री, त्याच आवारात बसलेली असायची. या अल्बमात जवाब कोण देतं ते सांगा.

भंडाऱ्याचा शाहीर

हे बरोबर बोलली पोरी. जवाब नाही.

काफियावाला

पहिल्यांदाच या धाग्यात कोणीतरी काफिया जुळवला.

धरमपेठचा भाचा

मीच तो भाचा. मामाने माझी बाजू अर्धीच सांगितली आहे. मी ‘सगळ्यात चांगला’ म्हणालो नव्हतो, ‘सगळ्यात स्वतःचा’ म्हणालो होतो. बीट स्वतःचे, बोली स्वतःची. ती हिंदी पुण्याच्या वस्तीची आहे, मुंबईची नाही, आणि आपण नागपूरकर तर हिंदी-मराठी एकाच वाक्यात घुसळतो, म्हणून मला ती जवळची वाटते. ‘कोहिनूर’मागे मोठी कंपनी होती. ‘तडीपार’ कच्चा आहे, हे मान्यच आहे. रिबिनीचं वाचून मात्र जरा वाईट वाटलं. मीही म्हणायचो तो शब्द, बहिणीला.

आणि मामा, पोह्यांचे पैसे मी दिले होते.

बर्डीवाला

पैसे तू दिलेस, तर्री दोनदा कोणी मागितली?

इंदोऱ्याच्या भावा, एक विनंती. हेडफोनवर तर ऐकलाच, आता एकदा तुझ्या ऑटोत ऐकतो, पूर्ण. मत बदललं तर इथेच लिहीन.

इंदोऱ्याचा पोट्टा

शनिवारी रात्री नऊले कडबी चौकात उभे राहा. पूर्ण अल्बम म्हणजे कामठीपर्यंत जाऊन परत यावं लागन. अन् मीटरनं नाही येत, आधीच सांगतो.