बाहुलीचे अनुभव: करणी, दृष्ट, उतारा

परवा अमावास्येला आमच्या तिठ्यावर टाचण्या टोचलेली बाहुली पडली होती, शेजारी हळद-कुंकू लावलेलं लिंबू. शाळेची पोरं रस्ता सोडून गटाराच्या कडेने गेली. करणी, दृष्ट, उतारा, शांत, कशातही बाहुली आली असेल तर लिहा. ऐकीव नको, स्वतःचं हवं.

*

बांधकामावर सुपरवायझर आहे. काळी बाहुली उलटी टांगल्याशिवाय आमचे सेंट्रिंगवाले वर चढत नाहीत. मी वाद घालत नाही, आणून देतो. उंचावर त्यांना उभं राहायचं असतं.

*

बाबा पंचकात गेले. असा माणूस आणखी पाच जणांना नेतो ही समजूत, म्हणून गुरुजींनी पाच पुतळे करायला सांगितले. कणीक आईनेच मळली, रोजच्या परातीत. अंगठ्याएवढे पुतळे, डोकं चिमटून काढलेलं. एकाच्या पोटावर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता. तिरडीवर तो मी सगळ्यात शेवटी ठेवला. पंचक मला पटत नाही, पण त्या तासाभरात आईच्या हातांना काहीतरी काम होतं.

*

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा आजोबांनी खांद्यावर बसवून ओरडायला लावलं, "खोकला घेऊन जा गे मारबत!" अख्खा रस्ता ओरडत होता.

*

मी आठवीत होते. भाऊ तापाने पडलेला, आणि तुळशीखाली चिंध्यांची बाहुली निघाली, बिब्बा टोचलेली. भगताने तांदूळ पाहून सांगितलं, "घरातलीच बाई, नवरा नसलेली." आमच्याकडे तशी एकच, काकू. बाहुलीचं कापड तिच्या जुन्या लुगड्याचं होतं, तेवढाच पुरावा. त्याच लुगड्याच्या चिंध्या आईच्या फडताळातही होत्या, आमची गोधडी त्याचीच. ते कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. रक्त तपासल्यावर टायफॉइड निघाला, तोवर काकू कायमची माहेरी गेली होती.

डॉ. दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले तो त्यांच्या खुनानंतर, 2013 मध्ये झाला. करणी केली म्हणून कुणाकडे बोट दाखवणं आता गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात जा, दक्षता अधिकारी कोण ते विचारा, तक्रार द्या. आमच्या वेळी हे नव्हतं.

गोधडी अजून माझ्याकडे आहे.