मदत हवी आहे : सुदामानगर ते विजयनगर बसप्रवास

इंदूरमधील जाणकारांना विनंती. गुडघेदुखीमुळे आईला उपचारांसाठी सुदामानगरहून विजयनगरला नियमित जावे लागते. २०१३ साली सुरू झालेल्या बीआरटीएसच्या (स्वतंत्र मार्गिकेवरील जलद बससेवेच्या) थांब्यांचे फलाट तेथील ‘आयबस’ गाड्यांच्या दाराशी समतल असल्याने भंवरकुआ थांब्यावर तिला पायरी चढावी लागत नसे आणि स्वतंत्र मार्गिकेमुळे बसही अडत नसे; मात्र २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ही मार्गिका हटविण्यास मंजुरी दिली आणि आता पलासियाला बस दुचाकी व ई-रिक्षांच्या गर्दीत खोळंबते. (मेट्रोचा पहिला टप्पा तिकडे सुपर कॉरिडॉरवर, आम्हांला त्याचा काय उपयोग!) सकाळी दहाच्या सुमारास रिंग रोडने थेट जाणारी, शक्यतो बुटक्या पायरीची सिटी बस आहे का? असल्यास ती कोठे थांबते आणि बसायला जागा मिळते का, हे कृपया कळवावे.